न पिणाऱ्यांचा रकाना

३ जानेवारी

आज मान खाली घालायची वेळ आली, तीही स्वतःच्या घरात, स्वतःच्या सोफ्यावर बसून.

संध्याकाळी आमच्या संशोधन संस्थेचे संचालक आणि त्यांची बायको आमच्याकडे आले होते. मीच आग्रहाने बोलावलं होतं. कॉफीचा माणसाच्या तब्येतीवर काय परिणाम होतो या एका प्रश्नावर ज्याने नोकरीची सगळी वर्षं घालवली, त्याच्या घरची कॉफी कशी असते ते तरी कळू दे त्यांना. बिया ताज्या दळल्या, पाण्याचं तापमान मोजलं, गाळणीवर धार सोडताना श्वाससुद्धा बेताने घेतला. घरभर वास दरवळला. ट्रेमध्ये चार कप ठेवून बाहेर आणले. तीन उचलले गेले. चौथ्याकडे आमची ही बघेचना.

"घे ना," मी म्हटलं.

"नको हो. वास नको वाटतो," ही म्हणाली, आणि नाकाला रुमाल लावून चक्क उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

संचालक मोठ्याने हसले. "काय डॉक्टर, तुमचा प्रचार घरातच कमी पडला की!" मीही हसलो, पण कानशिलं तापली होती. त्यानंतर ते काय काय बोलले ते मला धड आठवत नाही.

पाहुणे गेल्यावर मी हिला काही बोललो नाही. बोलत नाहीये हे तिला नीट ऐकू जावं इतक्या जोरात कपबशा मात्र विसळल्या. ही आत जाऊन आडवी झाली होती. ऐकलं की नाही कोण जाणे.

७ जानेवारी

वही सुरू केलीच आहे तर काम काय चाललंय तेही लिहून ठेवतो. निवृत्ती जवळ आली, पुढे कधी आठवणी लिहायच्या झाल्या तर उपयोगी पडेल. (त्या वाचणार कोण, असं ही विचारेल म्हणून तिला सांगितलेलं नाही.)

आमचा अभ्यास सांगायला सोपा आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही शहरातल्या काही हजार लोकांना विचारलं, कॉफी पिता का, किती पिता. मग दर वर्षी त्यांचा माग ठेवला. कोण आजारी पडलं, कोण दवाखान्यात भरती झालं, कोण गेलं. आता हिशेब हातात आलाय. रोज दोन-तीन कप पिणाऱ्यांपेक्षा न पिणारे जवळजवळ दुपटीने आजारी पडले. आलेखावर दोन खांब आहेत, एक ठेंगणा, एक उंच. शेंबडं पोरही बघून सांगेल की कॉफी प्यावी. मार्चअखेरच्या परिषदेत उद्‌घाटनाचं भाषण माझं आहे. इतकी वर्षं आमच्या विभागाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, आता जिन्यात लोक थांबून बोलतात.

न पिणाऱ्यांत मुळात दोन गट होते. जन्मात कधी कॉफी न प्यालेले, आणि आधी पीत होते पण सोडली असे. पहिला गट लहान. दोघांना वेगळं ठेवलं की तीन खांब व्हायचे, आणि तेही वेडेवाकडे. सांगताना जीभ अडखळायची. मागच्या वर्षी मी दोघांना एका रकान्यात घातलं. शेवटी पीत तर दोघेही नाहीत. तेव्हापासून आलेख कसा चापूनचोपून बसलाय.

फक्त टाचणीची कुरकुर असते. टाचणी म्हणजे आमच्या संख्याशास्त्रज्ञ बाई. वयाने माझ्याच बरोबरीच्या, अंगाने काडी, आणि कुठल्याही फुग्याजवळ गेल्या की तो फुटलाच म्हणून समजा. आज पुन्हा म्हणाल्या, "डॉक्टर, सोडणारे कॉफी का सोडतात?"

"सोडतात आपले. काहीतरी कारण असेल."

"तेच म्हणते मी. चांगला धडधाकट माणूस उगाच सवय मोडत नाही. आधी माणूस बिघडतो, मग कप सुटतो. आपण म्हणतोय कप सुटला म्हणून माणूस बिघडला."

हा आक्षेप आमच्या धंद्यात जुनाच आहे. निबंधाच्या शेवटी एका वाक्यात त्याला नमस्कार घालायचा आणि पुढे जायचं, अशी पद्धत आहे. मी म्हटलं, घालू एक वाक्य. टाचणीबाई "घाला" म्हणाल्या आणि डबा खायला निघून गेल्या.

१६ जानेवारी

आज घरी थोडी गंमत केली. जेवताना हिला म्हटलं, "आता तुझं नाव न पिणाऱ्यांच्या रकान्यात घालतो. बघ हं बाई, दुप्पट धोका!"

ही हसली नाही. "घाला," म्हणाली. घासभर भात राहिला होता, तो तसाच ठेवून उठली.

हल्ली हिची विनोदबुद्धी कमी झालीय. शाळेत चित्रकला शिकवते, सत्र संपत आलं की दगदग असतेच. संध्याकाळी भांडी घासताना हिची अंगठी बोटातून निसटून मोरीच्या तोंडाशी गेली. सुदैवाने जाळीत अडकली. आता तिला दोरा गुंडाळून घातलीय. मी म्हटलं, अगं बारीक झालीस की, लोक यासाठी व्यायामशाळेत जातात.

२५ जानेवारी

टाचणीबाई रजेवर होत्या. त्यांच्या बोलण्याने डोक्यात भुंगा सोडलेला, म्हणून जुना तीन खांबांचा आलेख उघडून पाहिला.

कधीच न प्यालेले लोक पिणाऱ्यांइतकेच ठणठणीत आहेत. उंच खांब आहे तो एकट्या सोडणाऱ्यांचा.

गट लहान आहे. लहान गटात योगायोग होतात. हे मी मनात दोनदा म्हटलं आणि आलेख बंद केला. खोलीत कुणीही नव्हतं, तरी बंद करताना मी दाराकडे बघितलं. आपल्याच टेबलावर चोरासारखं वाटावं असं काय केलं मी?

२ फेब्रुवारी

मेहुणी आली होती. हिची धाकटी बहीण. दारातच पर्स टाकून ओरडली, "काय गं ही अवस्था! चेहरा बघितलास का आरशात?"

"अगं, परीक्षा आल्यात तोंडावर," ही म्हणाली.

"परीक्षा मुलांच्या की तुझ्या? भावजी, तुमचं लक्ष आहे का हिच्याकडे?"

मी म्हटलं, "कॉफी सोडलीय तिने, मग तरतरी कुठून येणार? एक महिना माझ्या हातची पिऊ दे, मग बघ." ऐकायला बरं वाटावं म्हणून बोललो होतो. दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं आणि विषय बदलला. मला त्या घरात पाहुणा असल्यासारखं वाटलं, आणि पाहुणाही नको असलेला. नवरा नावाच्या माणसाला दोन बहिणींसमोर कधीच गुण मिळत नाहीत.

मेहुणी जाताना दारात हिला हळूच म्हणाली, "तू सांगणार की मी सांगू?" मला वाटतं ही चर्चा घराला रंग देण्याबद्दल असावी. तो विषय मी बरेच दिवस टाळतोय खरा.

१३ फेब्रुवारी

काल पत्रकार परिषद झाली आणि आज वर्तमानपत्रात मोठा मथळा! 'रोज कॉफी प्या, दवाखाना टाळा.' मी असं म्हटलं नव्हतं. मी 'संबंध दिसतो' म्हटलं होतं. पण छापल्यावर बरं दिसत होतं हे खोटं कशाला बोलू. फोटोत माझे डोळे मिटलेले आलेत आणि शर्टाचं एक बटण उघडं आहे. दिवसभर त्याचीच लाज वाटत राहिली.

खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले. आयुष्यभर बस चालवली, आता छातीच्या धडधडीवर औषध घेतात. म्हणाले, "तुमच्यामुळे पुन्हा सुरू केली बघा! डॉक्टरने बंद करायला लावली होती. पण म्हटलं, तुम्ही त्याच्याहून मोठे डॉक्टर."

मी तसला डॉक्टर नाही, माझी पदवी वेगळी, हे सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्यांनी हात हातात घेऊन इतका प्रेमाने हलवला की राहूनच गेलं. उद्या सांगतो.

२० फेब्रुवारी

संस्थेत माझं कौतुक होतं. छोटासाच समारंभ. ही शाळेतून परस्पर येणार होती. उशीर झाला म्हणून बघायला बाहेर गेलो, तर ही संस्थेच्या पायऱ्यांवर भिंतीला टेकून बसलेली. येणारे-जाणारे बाजूने वळसा घालून चाललेले. "अगं, इथे काय बसलीस? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं. "येते. जरा दम खाऊ दे," म्हणाली.

आत पहिल्या रांगेत बसली. संचालक माझ्याबद्दल बोलत होते आणि ही सारखी दंड खाजवत होती. एकदा हा हात, एकदा तो. मागच्या रांगेतल्या बायका बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी वाकून तिच्या कानात म्हटलं, "जरा हात आवर ना, शोभत नाही." तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि कार्यक्रम संपेपर्यंत तशीच बसून राहिली.

२१ फेब्रुवारी

कालचं वाचलं. मांडीखाली हात घेऊन बसलेली ही डोळ्यांसमोरून जात नाही. माफी मागावी असं मनात आलं, पण एवढ्याशा गोष्टीची माफी मागितली तर ती मोठी होते. दोन सफरचंदं आणली. एकच खाल्लं तिने, तेही अर्धं.

२६ फेब्रुवारी

सकाळी मी नाश्त्याच्या टेबलावर भाषणाची सुरुवात हिला वाचून दाखवत होतो. उंच खांबाचा रंग लाल ठेवावा की केशरी, हे तिला विचारत होतो, कारण रंगातलं तिला कळतं.

ही म्हणाली, "अहो, ते राहू दे. माझे डोळे बघा जरा."

बघितले.

"चित्रकलेची बाई आहे मी," ती म्हणाली, "पिवळा मला कळतो हो."

मेहुणीने आधीच दवाखान्यात वेळ घेऊन ठेवली होती. दोघींचं सगळं ठरलेलं होतं. मला फक्त बरोबर यायचं होतं.

डॉक्टर तरुण बाई होत्या, शांत. पोट दाबून बघितलं, हात बघितले, खाज किती दिवस आहे विचारलं. ही सांगत होती आणि मी कुठल्यातरी परक्या बाईची हकिकत ऐकावी तशी ऐकत होतो. भूक नाही. सप्टेंबरपासून. जिना चढवत नाही. संध्याकाळी बसल्या जागी झोप येते.

"चहा-कॉफी?"

"आधी दोन-तीन कप व्हायची. सोडली."

"का सोडली?"

बाईंनी हे लिहिता लिहिता विचारलं, मान वर न करता, पत्ता विचारावा तसं. तेवढाच प्रश्न. ही म्हणाली, "वासच सहन होईना. पोटात ढवळायचं. आधी वाटलं होईल बरं, पण रोजच व्हायला लागलं."

"होतं तसं. यकृत बिघडलं की कधी कधी पहिली कुरकुर हीच असते. आवडीच्या गोष्टीचाच वास नको होतो." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या लक्षात आलं नाही?"

मी नाही म्हटलं. तुम्ही काय करता, असं त्यांनी विचारू नये म्हणून मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो. त्यांनी विचारलं नाही. हीसुद्धा काही बोलली नाही. माझी लाज राखली तिने, त्या खुर्चीत बसून, त्या पिवळ्या डोळ्यांनी. तिने बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतंय.

४ मार्च

तपासण्या झाल्या. शरीराने स्वतःच्याच यकृतावर हल्ला चढवलाय, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. बरेच महिने चालू असणार. औषध आहे, रोज घ्यायचं, कदाचित कायमचं. लागू पडलं तर चांगलं. नाही पडलं तर मोठ्या शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल. आधी आला असतात तर सोपं गेलं असतं, असंही म्हणाल्या. रागाने नाही, नोंद करावी तसं.

हिला विचारलं, मला सांगितलं का नाहीस?

"सांगणार होते. एकदा तुम्ही म्हणालात, आलेख होऊ दे, मग बोलू. मग म्हटलं, होऊ दे आलेख." थोड्या वेळाने म्हणाली, "मला वाटलं, तुम्हीच विचाराल. कॉफीवाला माणूस आहे, घरात कुणी कॉफी सोडली तर विचारेल की."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. या वयात रडताना आवाज फार वाईट येतो.

८ मार्च

टाचणीबाईंना म्हटलं, रकाना पुन्हा वेगळा करायचा आहे. "मी म्हटलं नव्हतं?" असं त्या म्हणतील म्हणून मी तयारी करून गेलो होतो. त्यांनी फक्त खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "वहिनी कशा आहेत?" त्यांना कुणी सांगितलं काय माहीत. सगळ्यांना माहीत असतं, माझ्याशिवाय.

वेगळा केला. कॉफी पिणारे आणि कधीच न प्यालेले, दोघांचे खांब सारखे. सोडणाऱ्यांचा एकट्याचा उंच. म्हणजे कॉफीने कुणाला वाचवलेलं नाही. आजारी पडत चाललेल्या माणसांनी कप बाजूला ठेवला, आणि मी त्यांचं आजारपण कॉफीच्या खात्यात घातलं. हे मला नव्याने कळलं असं लिहायला गेलो होतो. खोडलं. जानेवारीत जुना आलेख उघडून बंद केला होता, नाहीतर तेव्हा दाराकडे कशाला बघितलं असतं?

१२ मार्च

सोडणाऱ्यांपैकी जे हाताशी लागले त्यांना आम्ही दोघं फोन करतोय. विचारायचं एकच, का सोडलीत?

कुणाच्या पोटात राहत नव्हती. कुणाला छातीत धडधडायचं. एका बाईंना रक्तदाबाचं औषध सुरू झालं तेव्हा मुलाने डबाच उचलून नेला. एका शिंप्याचे हात थरथरायला लागले आणि सुईत दोरा जाईना, म्हणून त्याने सोडली. थरथर कॉफीची नव्हती, ते नंतर कळलं. सगळे भरभरून सांगतात. इतक्या वर्षांनी कुणी विचारतंय याचंच त्यांना अप्रूप.

एका घरी बायकोने फोन उचलला. म्हणाली, "ते गेले हो. पाच वर्षं होतील. पण कॉफी सोडली होती हे खरं. घशाखाली उतरेना म्हणायचे. तुमच्याकडून मुलगी यायची दर वर्षी, पिता का, किती पिता विचारायची. का सोडली ते तेव्हा विचारलं असतंत तर सांगितलं असतं त्यांनी. बोलके होते."

मी "माफ करा" म्हटलं. "तुम्ही कशाला माफी मागता?" म्हणाली. मला फोन ठेवायला हात होईना. शेवटी तिनेच ठेवला.

१५ मार्च

संचालकांना सांगितलं. निष्कर्ष चुकीचा आहे, मागे घ्यायला हवा, आणि परिषदेत तेच सांगायला हवं. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले.

"डॉक्टर, घरच्या आजारपणामुळे तुम्ही हळवे झाला आहात. साहजिक आहे."

"आकडे हळवे झालेले नाहीत."

"मग शेवटी एक वाक्य घाला. सगळेच घालतात. सगळ्या वर्तमानपत्रांत आलंय आपलं नाव, त्याचं काय करायचं? तोंडघशी पाडताय सगळ्यांना."

दोन महिन्यांपूर्वी मी हेच बोललो होतो, 'घालू एक वाक्य.' त्यांच्या तोंडून ऐकताना स्वतःचाच आवाज कुणीतरी परत ऐकवतंय असं वाटलं. मी म्हटलं, मी उभा राहीन आणि मीच सांगेन, माझ्या नावावर. ते म्हणाले, "तुमची मर्जी," आणि घंटी वाजवून पुढच्या माणसाला बोलावलं.

घरी येताना खालच्या काकांकडे गेलो. त्यांच्यासमोर नेमका वाफाळता कप होता. सगळं सांगितलं. मी औषधाचा डॉक्टर नाही हेही. काका कपाकडे बघत म्हणाले, "म्हणजे रात्री झोप येत नव्हती ती यानेच?" कप आत नेऊन ओतून आले. रागावले नाहीत. पण निघताना त्यांनी हात पुढे केला नाही, आणि ते योग्यच होतं.

२९ मार्च

उद्या परिषद. उद्याच हिचा औषध सुरू केल्यानंतरचा पहिला मोठा रिपोर्ट. औषध लागू पडतंय की नाही ते त्यात कळणार. दवाखान्याची वेळ आणि माझ्या भाषणाची वेळ नेमकी एकच. मी परिषदेला येणार नाही असं कळवतो म्हटलं, तर ही म्हणाली, "नको. तुम्ही तिथे जायलाच हवं. मी जाईन बहिणीबरोबर." मी म्हटलं, आल्या आल्या पहिलं तुलाच विचारतो. "बरं," म्हणाली.

हल्ली सकाळी मी तिला औषध देतो, काय खाल्लं ते विचारतो, झोप लागली का विचारतो. परवा म्हणाली, "अहो, मी तुमच्या अभ्यासातली आहे का?" हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून मीही हसलो.

३० मार्च, दुपार

भाषण झालं. तीन खांबांचा आलेख लावला आणि सांगितलं, हा आमच्या निष्कर्षाचा शेवट. दोन गट मी एकत्र केले, कारण ते एकत्र बरे दिसत होते. मला ते आधीपासून माहीत होतं. सोडणाऱ्यांना आम्ही इतक्या वर्षांत एकदाही 'का?' म्हणून विचारलं नाही. फोनवरच्या त्या बाईंचं वाक्य सांगताना आवाज कापरा झाला. आधी एक-दोघं उभे राहिले, आणि बघता बघता अख्खं सभागृह टाळ्या वाजवत उभं! संचालकसुद्धा. त्यांनी तर जवळ घेतलं मला. 'असं धैर्य लागतं' म्हणाले, जसं काही त्यांनीच मला पाठवलं होतं. टाचणीबाई मागे बसून होत्या, त्या तेवढ्या उभ्या राहिल्या नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "घरी जा आता."

मी तरंगत घरी आलो. हे लिहिताना हात जड झालाय, पण लिहितो.

दार हिनेच उघडलं. चप्पल काढायच्या आधीच मी बोलायला लागलो. सोफ्यावर तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून. कोण कसं उभं राहिलं. बाहेरून आलेले एक मोठे शास्त्रज्ञ काय म्हणाले. माझा आवाज कुठे कापरा झाला, तेही पुन्हा करून दाखवलं. मी लाजिरवाणी गोष्ट सांगत होतो आणि बोलण्याला रंग चढत होता. ही ऐकत होती. मध्ये एकदा विचारलं, "जेवलात का?" मी हो म्हटलं आणि पुढे गेलो. टाळ्या किती वेळ चालल्या ते सांगितलं.

संपल्यावर ही म्हणाली, "छान झालं. खरंच छान केलंत." मग सोफ्याच्या हातावर जोर देऊन उठली. "मी आता जरा पडते. डॉक्टरांनी दुपारचं पडायला सांगितलंय."

'डॉक्टर' हा शब्द ऐकला तेव्हा कुठे मला आठवलं.

"अगं, तुझा रिपोर्ट!"

"आला."

"काय आलं?"

ही दारात थांबली. रागावली नव्हती. थकली होती फक्त. "उठल्यावर विचारा," म्हणाली, आणि आत गेली.

मी इथे टेबलापाशी बसलोय. एवढा शरमलो नव्हतो कधी, त्या डॉक्टरबाईंसमोरसुद्धा नाही. तिथे निदान मला माहीत नव्हतं. आज माहीत होतं. काल वचन दिलं होतं. जगाला शहाणपण सांगून आलो, माणसांना विचारायला हवं म्हणून, आणि स्वतःच्याच दारात उभं असलेलं माणूस ओलांडून आत आलो.

दवाखान्याची फाइल समोरच आहे. जाडजूड आहे, आकडे सगळे आत असणार, आणि ते मला तिच्यापेक्षा लवकर कळतील. मेहुणीला फोन केला तर तीही सांगेल. फाइल उघडलेली नाही. फोन केलेला नाही. तिला विचारायचं आहे. ती सांगेल तसं, सांगेल तेवढं ऐकायचं आहे, आणि मध्ये बोलायचं नाही.

आत पलंग वाजला. कूस बदलली असेल, किंवा उठली असेल. दाराबाहेर जाऊन उभा राहतो.